तोरणमाळच्या शाळेत ढोल कोणी शिकवावा?

शालेय शिक्षणात संगीताला स्थान असावे की नसावे, हा वाद निदान कागदावर तरी केव्हाच मिटला आहे. २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने कलाशिक्षण हा दहावीपर्यंतच्या शिक्षणाचा अनिवार्य भाग मानला. सहावी ते आठवीच्या वर्गांत शंभराहून अधिक मुले असतील, तर कला, आरोग्य व शारीरिक शिक्षण आणि कार्यशिक्षण यांसाठी अंशकालीन निदेशक असलेच पाहिजेत, असे २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याची अनुसूची सांगते. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने आणखी एक पाऊल पुढे टाकून स्थानिक पारंपरिक कलांच्या जाणकारांना शाळेत निदेशक म्हणून बोलवावे, अशी शिफारस केली. बालभारतीच्या ‘खेळू, करू, शिकू’ या पुस्तकात चित्राबरोबर गायन, वादन आणि नृत्य यांनाही पाने मिळाली आहेत. इतके सारे ठराव एका बाजूला असताना राज्यातील बहुसंख्य शाळांत संगीत म्हणजे सकाळची प्रार्थना, राष्ट्रगीत आणि स्नेहसंमेलनापूर्वीची पंधरा दिवसांची धावपळ, एवढेच का उरावे?

याचे उत्तर शोधण्यास फार दूर जावे लागत नाही. आपल्याकडे ‘कलाशिक्षक’ या शब्दाचा व्यवहारातील अर्थ चित्रकला शिक्षक असा आहे. चित्रकलेच्या एलिमेंटरी व इंटरमिजिएट परीक्षा शासनाचे कला संचालनालय घेते. संगीताच्या परीक्षांचा भार मात्र प्रामुख्याने अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळासारख्या संस्थांनी वाहिला. विष्णु दिगंबर पलुसकरांनी १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय स्थापन केले, त्याआधी १८८६ मध्ये सयाजीराव महाराजांनी बडोद्यात मौलाबक्षांच्या हाती गायनशाळा सोपवली, आणि पुढे भातखंड्यांनी क्रमिक पुस्तके लिहून घराण्यांच्या बंद कपाटातील विद्या सामान्य विद्यार्थ्यापुढे मांडली. हा इतिहास महाराष्ट्राला अभिमानास्पदच आहे. परंतु या थोर पुरुषांनी उभे केलेले शिक्षण शाळेच्या शेजारी वाढले, शाळेच्या आत फारसे आले नाही. ज्याला फी परवडते आणि ज्याच्या गावात वर्ग आहे, त्याच्यासाठी ते होते व आहे. मुंबई महानगरपालिकेसारख्या एखाद्या संस्थेने आपल्या शाळांसाठी संगीत शिक्षक नेमले. जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत तसे स्वतंत्र पदच नाही. संगीताची तासिका वेळापत्रकात असते आणि गणिताचा राहिलेला भाग पुरा करण्यास उपयोगी पडते.

शहरातील मुलाचे यात नुकसान होते. पण त्याच्या घरी, गल्लीत, मंदिरात, आकाशवाणीवर संगीताची कोणती ना कोणती वाट उघडी असते. सातपुड्यातील मुलाची गोष्ट वेगळी आहे, आणि ती नीट समजून घेतल्यास या प्रश्नाचे खरे गांभीर्य ध्यानात येते.

शहाद्याकडून सात पायरी घाट चढून गेल्यावर अकराशे मीटरहून अधिक उंचीवर तोरणमाळ लागते. पर्यटकांना ते यशवंत तलावासाठी व सीताखाईसाठी ठाऊक आहे, भाविकांना महाशिवरात्रीच्या गोरखनाथाच्या यात्रेसाठी. अक्राणी तालुक्यातील या पठाराभोवती डोंगरउतारांवर भिल्ल आणि पावरा समाजाचे पाडे विखुरलेले आहेत. २०११ च्या जनगणनेनुसार नंदुरबार जिल्ह्याच्या लोकसंख्येत आदिवासींचे प्रमाण सुमारे ६९ टक्के आहे आणि साक्षरता सुमारे ६४ टक्के, म्हणजे राज्याच्या सरासरीपेक्षा पुष्कळच कमी. अक्राणीची स्थिती जिल्ह्याहूनही बिकट. अशा मुलखात शिक्षणाची सोय करायची तर मुलांना एका ठिकाणी आणून ठेवणे हाच मार्ग व्यवहार्य आहे, असे शासनाने फार पूर्वी ठरवले. १९७० च्या दशकापासून शासकीय आश्रमशाळा वाढत गेल्या. अलीकडच्या काळात आसपासच्या पाड्यांवरील लहान शाळांतील मुले एकत्र आणून तोरणमाळलाच मोठी निवासी शाळा उभारण्यात आली. या धोरणाच्या गुणदोषांची चर्चा पुष्कळ झाली आहे. दोनचार मुलांच्या शाळेत शिक्षक टिकत नाही, हे खरे. सहा वर्षांचे मूल आईपासून दूर ठेवणे क्लेशदायक, हेही खरे. परंतु या चर्चेत एका हानीचा हिशेब कोणीच मांडलेला नाही.

पाड्यावरचे मूल संगीत कसे शिकते? त्याला कोणी सा लावून देत नाही. मोठी माणसे रात्री ढोल वाजवतात, बाया एकमेकींच्या कमरेत हात घालून ओळीने नाचतात, एका बाजूने ओळ म्हटली की दुसरी बाजू ती उचलते, आणि मूल या सर्वांच्या मध्ये जागे असते. पेंगते, पुन्हा जागे होते, पुन्हा ऐकते. पाचसहा होळ्या अशा गेल्या की ताल त्याच्या पायात उतरलेला असतो. दहाबारा गेल्या की त्याच्या हाती टिपरी देण्यास कोणी कचरत नाही. नाच, गाणे आणि वाजवणे ही तेथे तीन शास्त्रे नाहीत. जो नाचतो तोच तालाचे माप शिकतो. ही शिक्षणपद्धती अडाणी म्हणून हिणवण्याजोगी नाही. गुरूच्या घरी राहून, त्याच्या मागे बसून, वर्षानुवर्षे कान तयार करण्याची जी रीत घराण्यांतून गौरवली जाते, तिचेच हे सामुदायिक रूप आहे. तिची अट एकच : मूल त्या रात्री त्या ठिकाणी हजर पाहिजे.

निवासी शाळेने नेमकी ही हजेरीच काढून घेतली. वर्षातील नऊदहा महिने मूल वसतिगृहात असते. दिवाळीनंतर आईबाप ऊसतोडीला किंवा मजुरीला गुजरातकडे उतरतात, ते होळीला परततात. म्हणजे ज्या काळात पाडा पुन्हा भरतो, भोंगऱ्याचे बाजार लागतात, ढोल बाहेर निघतात, तोच काळ शाळेत परीक्षेच्या तयारीचा असतो. मुले होळीला घरी पळतात, आठ आठ दिवस परतत नाहीत, अशी शिक्षकांची तक्रार असते. तक्रार खोटी नाही. पण शाळा ज्याला गैरहजेरी म्हणते, ती दुसऱ्या एका शाळेतील हजेरी आहे, हेही कोणी त्या शिक्षकाला सांगितलेले नसते.

काठीची राजवाडी होळी आता वृत्तपत्रांतून आणि चित्रवाणीवरून प्रसिद्ध झाली आहे. अंगावर राखेचे व रंगाचे ठिपके, डोक्यावर मोरपिसांचे उंच टोप, कमरेला वाळलेले भोपळे आणि घुंगरू बांधलेले बुध्या आणि बावा यांची छायाचित्रे दरवर्षी छापून येतात. छायाचित्रात दिसत नाही ती गोष्ट अशी की, ही सोंगे घेणाऱ्यांनी कित्येक दिवस व्रत पाळलेले असते, जमिनीवर निजलेले असतात, पायात वहाण घातलेली नसते. सबंध रात्र ढोल थांबत नाहीत. एवढ्या मोठ्या मेळ्यात पाड्यापाड्यांचे ढोल वेगवेगळे उठतात आणि तरीही नाचणाऱ्याचे पाऊल आपल्याच ढोलावर पडते. ही कानाची तयारी काही थोडीथोडकी नव्हे. संगीत महाविद्यालयातील विद्यार्थ्याला ती साधण्यास वर्षे लागतात.

शाळा या ठेव्याचे काय करते? २६ जानेवारीला आणि ९ ऑगस्टला, जागतिक आदिवासी दिनी, ‘आदिवासी नृत्य’ बसवले जाते. बाजारातून आणलेला एकसारखा पोशाख, ध्वनिक्षेपकावर लावलेले तयार गाणे, पाहुण्यांसमोर चार मिनिटे. ज्यांच्या घरी ढोल आहे ती मुले ध्वनिमुद्रित ढोलावर नाचतात! शिक्षकांचा हेतू वाईट नसतो. त्यांना वेळ नसतो, साधने नसतात आणि बहुधा ते त्या बोलीचेही नसतात. पण मुलाला यातून जो धडा मिळतो तो असा की, घरचे संगीत ही दाखवण्याची वस्तू आहे, शिकण्याची नव्हे. शहादे भागातील कवी वाहरू सोनवणे यांची ‘स्टेज’ ही कविता आदिवासींचे दुःख दुसऱ्यांनीच व्यासपीठावर चढून सांगण्याच्या प्रघाताविषयी आहे. शाळेच्या रंगमंचावर मुले स्वतःच उभी असतात, तरी गोष्ट फारशी निराळी होत नाही.

वारली चित्रकलेचे उदाहरण या संदर्भात बोलके आहे. जिव्या सोमा मशे यांच्यासारख्या कलावंतांमुळे १९७० नंतर ती चित्रे भिंतीवरून कागदावर आली, जगभर गेली, आणि आज महाराष्ट्रातील असंख्य शाळांच्या आवारभिंतींवर पांढऱ्या रेघांच्या आकृत्या फेर धरून नाचताना दिसतात. त्या फेराच्या मध्यभागी तारपा फुंकणारा एक माणूस असतो. लक्षावधी मुलांनी त्याला रंगवले. त्याचा आवाज ऐकलेली मुले किती असतील? चित्र शाळेत येऊ शकले, कारण चित्रकला शिक्षक तेथे आधीपासून होता. सूर येऊ शकला नाही, कारण त्याला आत घेणारा कोणी नव्हता.

यावर एक आक्षेप ठरलेला आहे, आणि तो बहुधा पालकांकडूनच येतो. नाचगाणे तर पोरांना घरीही येते. आम्ही त्यांना इंग्रजी आणि गणित शिकण्यासाठी धाडले आहे, असे ते म्हणतात. हा आक्षेप तुच्छतेने झटकून टाकण्यासारखा नाही. ज्यांच्या दोन पिढ्या सही करता येत नाही म्हणून नाडल्या गेल्या, त्यांनी अक्षरज्ञानाला अग्रक्रम द्यावा हे स्वाभाविक आहे. आदिवासी मुलाला ढोलच द्यावा आणि पुस्तक मागे ठेवावे, असे सुचवणारा शहरी हौशी माणूस त्याचा हितचिंतक नव्हे. परंतु ‘घरी येते’ हे विधान आता पूर्वीइतके खरे राहिलेले नाही, कारण मूल घरीच नसते. ज्या संस्थेने त्याला घरातून उचलून आणले, त्या संस्थेवर घरी मिळणाऱ्या शिक्षणाची जबाबदारी येते. अन्नाची आली, आरोग्याची आली. संगीताची तेवढी आली नाही, असे म्हणता येणार नाही.

संगीताने गणित सुधारते, स्मरणशक्ती वाढते, असा युक्तिवाद हल्ली उत्साहाने केला जातो. त्यात काही तथ्य असेलही. पण गणिताच्या गुणांसाठी संगीत शिकवायचे, तर अधिक गणित शिकवणे हाच सरळ उपाय ठरतो, आणि वेळापत्रक करणारे मुख्याध्यापक तेच करत आले आहेत. सातपुड्याच्या परिसरात संगीताचे काम याहून मोठे आहे, याची साक्ष अलीकडचा इतिहासच देतो. १९३० च्या दशकात तळोदा तालुक्यातील मोरवडच्या संत गुलाम महाराजांनी हजारो भिल्लांना आरतीसाठी एकत्र आणले आणि दारू सोडण्यास प्रवृत्त केले. पुढे शहादे भागात अंबरसिंग महाराजांनी लोकांना जागे करण्याचे काम भजनांपासूनच आरंभले. जेथे भाषण पोचत नव्हते तेथे एकत्र म्हटलेले गाणे पोचले. पहिलीत बसलेल्या ज्या मुलाला पावरी किंवा भिली येते आणि मराठी येत नाही, त्याच्या व शिक्षकाच्या मधले पहिले साकवही गाणेच होऊ शकते.

परदेशातील एक दाखला येथे उपयोगी आहे. हंगेरीचे संगीतकार झोल्तान कोदाय आणि बेला बार्तोक विसाव्या शतकाच्या आरंभी खेड्यापाड्यांतून हिंडून शेतकऱ्यांची गाणी ध्वनिमुद्रित करत होते. त्या संग्रहातून कोदाय यांनी शालेय संगीताचे तत्त्व काढले : मूल जसे प्रथम मातृभाषा बोलते, तसे त्याने प्रथम आपल्या मातीचे संगीत गावे आणि त्या पायावर जगाचे संगीत शिकावे. १९५० मध्ये केच्केमेट या गावी रोज संगीत शिकवणारी प्राथमिक शाळा निघाली आणि पुढे तशा शाळा त्या देशात पसरल्या. या गोष्टीतील दुसरा भाग पहिल्याइतकाच महत्त्वाचा आहे. लोकगीत हे तेथे कुंपण नव्हते. त्याच मुलांना स्वरलेखन वाचता येऊ लागले.

तोरणमाळच्या मुलालाही हे दोन्ही मिळाले पाहिजे. त्याने ढोल शिकावा आणि स्वरही ओळखावेत. आपल्या आजीचे गाणे लिहून घेता येईल एवढे स्वरलेखन त्याला यावे, आणि त्याच्या मनात असेल तर गांधर्व महाविद्यालयाच्या परीक्षेलाही त्याने बसावे. दहावीच्या निकालात शास्त्रीय कला, चित्रकला आणि लोककला यांतील प्रावीण्याबद्दल वाढीव गुण देण्याची सोय राज्यात झालेली आहे. परंतु तिचा लाभ मिळण्यास मान्यताप्राप्त संस्थेचे प्रमाणपत्र लागते. सात रात्री ढोल वाजवणाऱ्या मुलाला प्रमाणपत्र देणारी संस्था त्याच्या पाड्यावर कोठून असणार? त्याच्या शाळेनेच ती व्हावे, यापलीकडे दुसरा मार्ग दिसत नाही.

शिकवणार कोण, हा मग मुख्य प्रश्न. शिकवणारा माणूस तेथेच आहे. तो हजेरीपटावर मात्र नाही. प्रत्येक पाड्यावर ढोल मढवणारा, बासरी करणारा, गाणी पाठ असलेली एखादी म्हातारी असते. त्यांच्याजवळ पदविका नाही. पण कायद्याने शिक्षक आणि अंशकालीन निदेशक यांत भेद केलेलाच आहे, आणि धोरणाने स्थानिक जाणकारांना दार उघडलेले आहे. गंमत अशी की, पाड्यावरील वीस मुलांच्या शाळेला शंभराच्या पटाची अट कधीच पुरी करता आली नसती. शाळा एकत्र केल्यामुळे ती तोरणमाळसारख्या ठिकाणी पुरी होऊ शकते. ज्या निर्णयाने मुलांना ढोलापासून दूर नेले, त्याच निर्णयाने ढोलवाल्याला शाळेत आणण्याचा कायदेशीर आधार निर्माण केला आहे. पदवी नसलेल्या माणसाच्या हाती वर्ग देण्याची ज्यांना भीती वाटते, त्यांनी नर्मदाकाठच्या जीवनशाळांकडे पाहावे. सरदार सरोवराच्या विस्थापितांच्या लढ्यातून १९९० च्या दशकाच्या आरंभी निघालेल्या त्या शाळांत पाड्यांवरील तरुणच शिकवत आले, मुलांच्या बोलीत शिकवत आले. त्या आंदोलनाविषयी कोणाचे मत काहीही असो, त्या वर्गांतून शिकलेली मुले पुढच्या इयत्तांत गेली, हे नाकारता येणार नाही.

मात्र दोन पथ्ये पाळावी लागतील. पहिले असे की, ‘आदिवासी संगीत’ नावाची एकच वस्तू नाही. अक्राणीतील पावऱ्यांचा मोठा ढोल वेगळा. नवापूर-साक्रीकडील कोकणी समाजाची, भोपळा, बांबू आणि शिंग जोडून केलेली पावरी वेगळी. तिचे पुस्तक तोरणमाळला आणि तोरणमाळचे नवापूरला पाठवण्याची चूक पुण्यामुंबईत बसून फार सहज होईल. दुसरे पथ्य अधिक नाजूक आहे. यांतील काही संगीत देवाचे आहे. मार्गशीर्षात डोंगऱ्या देवाच्या उत्सवात पावरी वाजते, तेव्हा ती करमणुकीसाठी वाजत नसते. तासिकेची घंटा झाली म्हणून ती वाजवा, असे वादकाला सांगता येणार नाही. काय शिकवायचे आणि काय पाड्यावरच राहू द्यायचे, हे ठरवण्याचा अधिकार त्या लोकांचाच असला पाहिजे. शिक्षण विस्तार अधिकाऱ्याचा नव्हे.

आणि मानधन. कलावंताला शाल, श्रीफळ आणि जेवण देऊन बोळवण करण्याची आपली जुनी रीत येथे चालणार नाही. हा माणूस एक दिवस शाळेत येतो तेव्हा त्याची एका दिवसाची मजुरी बुडते. ऊसतोडीला न जाता तो वर्षभर शिकवायला राहावा, अशी अपेक्षा असेल, तर त्याला ऊसतोडीहून कमी देऊन ती पुरी होणार नाही. तळोद्याच्या आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयाला हे वेगळे समजावून सांगण्याची गरज नसावी. मजुरांच्या गाड्या दिवाळीनंतर कोणत्या रस्त्याने उतरतात, हे त्या कार्यालयाला पुरेपूर ठाऊक आहे.

होळीच्या आठवड्याचाही निर्णय एकदा करून टाकावा. त्या दिवसांत शाळा अर्धी ओस पडतेच. सहावी ते आठवीच्या मुलांसाठी वर्षातून दहा दिवस दप्तराविना असावेत, असे नव्या धोरणात आहे. ते दहा दिवस अक्राणीत फाल्गुनातच घ्यावेत आणि परतल्यावर मुलांनी काय ऐकले, कोणते गाणे नव्याने शिकले, हे त्यांच्याकडून लिहून घ्यावे, वाजवून घ्यावे. परीक्षा चार दिवस पुढे ढकलल्याने आभाळ कोसळणार नाही.

कार्यानुभवाचा विषय तर आयताच आहे. बुध्याच्या कमरेचा भोपळा काय किंवा पावरीचा भोपळा काय, तो पावसाच्या आरंभी लावलेल्या वेलाला धरतो, थंडीत वाळतो आणि मग कोरला जातो. वाद्य करण्याचा सबंध अभ्यासक्रम वसतिगृहाच्या कुंपणावर चढवता येईल. शाळा जूनच्या मध्यावर उघडते, नेमके तेच दिवस बी टाकण्याचे. निदेशकाच्या नेमणुकीचा आदेश मात्र त्याआधी निघालेला पाहिजे. तो स्नेहसंमेलनाच्या तोंडावर डिसेंबरात निघाला, तर त्या वर्षीचा हंगाम गेलेला असेल.